घाम तेवढाच, उतारा मात्र वेगळा

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या फडांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बरीचशी माणसं बीडकडची, काही आपल्याच जत-आटपाडीची. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात. भल्या पहाटे थंडीत फडात शिरायचं, ऊस बुडख्यातून तोडायचा, पाला साळायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ट्रॉली रात्री अकराला आली तर ती रात्री अकराला भरायची. बाईला त्याच्या आधी आणि नंतर कोपीतली, म्हणजे झोपडीतली, चूल आहेच. यांच्याहून जास्त अंगमेहनत करणारं माणूस मला तरी आसपास दिसत नाही.

यश कष्टाच्या प्रमाणात मिळत असतं, तर कोप्यांच्या जागी एव्हाना बंगले उभे राहिले असते. तसं होत नाही, आणि त्याची कारणं अगदी साधी, हिशेबाची आहेत. मजुरी टनावर मिळते. टनाचा दर साखर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्या करारात ठरतो, फडात नाही. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे दर पटला नाही तरी काम सोडता येत नाही. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे कमाई थेट शरीराला बांधलेली आहे. एक जोडी दिवसात तोडून तोडून किती तोडणार? साखरेचा भाव वाढला, इथेनॉलला मागणी आली, तरी त्यातला वाटा कोयत्यापर्यंत आपसूक येत नाही.

म्हणजे कष्ट फुकट आहेत का? अजिबात नाही. ‘असेल माझा हरी’ म्हणत खाटल्यावर बसणाऱ्यांना या लेखातून सवलत मिळणार नाही. प्रश्न एवढाच आहे की कष्टाचं यशात रूपांतर होताना मध्ये नेमकं काय घडतं, आणि ते कुठे अडतं.

शाळेच्या भिंतीवर ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ आपण सगळ्यांनी वाचली आहे. गंमत अशी, की मूळ श्लोकात ती अशक्य गोष्टींच्या यादीत येते. मृगजळ पिऊन तहान भागेल, सशाचं शिंग सापडेल, त्याच रांगेत वाळूचं तेल. आपण मात्र ती सल्ला म्हणून रंगवून ठेवली, आणि पोरं खरोखरच वाळू रगडत बसली.

जे सगळ्यांत कमी, ते ठरवतं

शेतीशास्त्रात एक जुना नियम आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने तो जगभर नेला. मूळ मांडणी त्याच्याही आधी कार्ल श्प्रेंगेलने केली होती. पिकाला बरीच अन्नद्रव्यं लागतात, आणि उत्पादन ठरतं ते त्यातलं जे गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे त्यावर. समजावताना लाकडी पिंपाचं चित्र काढतात, ज्याच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या आहेत. पाणी सर्वांत बुटक्या फळीपर्यंतच साठतं. बाकीच्या फळ्या कितीही उंच केल्या तरी तिथून वाहून जातं. जमिनीत जस्त कमी असेल, तर युरियाची चार पोती जादा टाकून काही हाती लागत नाही.

यशाचंही बऱ्याच अंशी असंच आहे, असं माझं मत आहे. कष्ट ही त्या पिंपाची एक फळी. इतर फळ्या म्हणजे योग्य वेळ, योग्य पद्धत, भांडवल, ओळखीपाळखी, खेळाचे नियम, तब्येत आणि नशीब. आपल्याकडे पोराला अपयश आलं की आपण त्याला कष्टाचीच फळी वाढवायला सांगतो, कारण तेवढी एकच फळी डोळ्यांना दिसते.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत हे सगळ्यांत लख्ख दिसतं. नदीवरून उपसा योजना झाल्या, पाणी मुबलक आलं, ऊस आला. काळी भारी जमीन, निचरा कमी, त्यात पाटाने भरपूर पाणी. काही वर्षांत जमिनीतली पाण्याची पातळी वर सरकली. केशाकर्षणाने ते पाणी पृष्ठभागाशी येतं, उन्हाने उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार वरच राहतात. सकाळी रानात गेलं की मिठासारखा पांढरा थर दिसतो. एकरी उतारा घसरू लागतो. कष्टाळू शेतकरी अशा वेळी काय करतो? आणखी पाणी देतो, आणखी खत टाकतो. पाण्यानं पातळी अजून वर येते आणि खताने क्षारांत भरच पडते. म्हणजे इथे कष्ट नुसते वाया जात नाहीत, ते नुकसान वाढवतात. आळशी शेजाऱ्याची जमीन दोन वर्षं उशिरा बिघडली, असं कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवीन.

यावरचा उपाय माहीत आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा आणि क्षारांसकट पाणी नाल्याला काढून द्यायचं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रापासून गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. पण पाईपमधलं पाणी नाल्यापर्यंत जायचं तर ते शेजाऱ्याच्या रानातून जाणार. शेजारी हो म्हणाला पाहिजे, खर्चात उतरला पाहिजे. इथे बुटकी फळी आहे शेजाऱ्याशी बोलण्याची, आणि ती कुदळीने वाढत नाही. भावकीत बांधावरून वाद असेल तर बोलायलाच नको.

द्राक्षबागेतली वेळ

तासगाव, मिरज, पलूस भागातल्या द्राक्षबागायतदाराला कोणी कामचुकार म्हणणार नाही. वर्षात दोन छाटण्या, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. मध्ये विरळणी, शेंडा मारणं, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), डझनांनी फवारण्या. तरीही एका शिवारातल्या दोन बागांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्याचं एक कारण दिसतच नाही, म्हणून ते जरा नीट बघू. फेब्रुवारीत जो घड आपण तोडतो, त्याची सुरुवात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर झालेली नसते. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, कोवळ्या काडीवरच्या डोळ्यात, घड तयार होऊ लागतो. तेव्हा त्या डोळ्याला ऊन लागतं, आणि वाढीला थोडा ताण लागतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्याने जोमात पाणी आणि नत्र दिलं, तर बाग हिरवीगार होते, पानं एकमेकांवर चढतात, बांधावरून जाणारा थांबून ‘वा!’ म्हणतो. ऑक्टोबरात छाटलं की कळतं, काडीवर घडच नाहीत, किंवा आहेत ते गोळी घड, म्हणजे खुरटे, नीट न वाढलेले. ते पुढे जिरून जातात. चूक मे-जूनमध्ये झाली, दिसली नोव्हेंबरात. मधल्या पाच महिन्यांत या माणसाने घाम गाळला नाही असं कोण म्हणेल?

मग हवामान. फळछाटणी लवकर घेतली तर माल लवकर येतो, भाव बरा मिळतो, पण फुलोरा परतीच्या पावसात सापडू शकतो. उशिरा घेतली तर तो धोका टळतो, मात्र माल सगळ्यांबरोबर बाजारात येतो. 2019 साली परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला, तेव्हा ज्यांच्या बागा फुलोऱ्यात होत्या त्यांना दावण्या (बुरशीचा रोग) आणि घडकुजीने झोडपलं. काही दिवस उशिरा छाटलेल्या बागा तुलनेने वाचल्या. दोन्हीकडची मेहनत सारखी, औषधं सारखी. फरक छाटणीच्या तारखेचा, आणि ती तारीख धरताना पुढचा पाऊस कोणालाच दिसत नव्हता.

बेदाण्याची गोष्ट आणखी वेगळी. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मणी द्रावणात बुडवून रॅकवर पसरायचे, वाळवायचे, झाडून काढायचे, निवडायचे, बॉक्स भरायचे. एप्रिलपर्यंत सगळ्यांचाच माल तयार. तासगाव-सांगलीच्या सौद्यांत आवक फुगली की भाव दबतो. पण बेदाणा कोल्ड स्टोअरेजला ठेवता येतो, आणि ज्याला थांबता येतं तो दिवाळीच्या मागणीपर्यंत थांबतो. ज्याच्या मागे सोसायटीचं कर्ज आणि औषध दुकानदाराची उधारी लागलेली आहे, तो पहिल्याच सौद्यात निकाल लावून मोकळा होतो. माल एकाच प्रतीचा असेल, तरी किलोमागे मिळणारा भाव वेगळा. हा फरक बागेत मेहनत वाढवून भरून निघत नाही. गरिबीचा खरा फटका इथे बसतो. गरिबाला वाट बघणं परवडत नाही, आणि बाजारात अनेकदा पैसा वाट बघण्याचाच मिळतो.

नियम बदलला की

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्याआधीच्या 1948 च्या लंडन ऑलिंपिककडे जरा बघा. तिथे ते सहावे आले. तालमीत घाम कमी गाळला होता का? घाम लाल मातीत गाळला होता, आणि लंडनला मॅट होती. मातीतल्या कुस्तीत चीतपट केल्याशिवाय निकाल नाही, तिथे वेळ बांधलेली आणि गुण मोजलेले. खेळाचं नाव एकच, हिशेब मात्र निराळा. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथल्या नियमांची तयारी करून दिली, तेव्हा कुठे सहाव्या क्रमांकापर्यंत मजल गेली.

पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवलीच, पण ती मॅटच्या हिशेबाने. तरी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. ते घर गहाण पडलं नसतं, तर हा पैलवान तेवढ्याच ताकदीचा, तेवढ्याच जिद्दीचा असूनही गोळेश्वरातच राहिला असता आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. हेलसिंकीतसुद्धा जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर नियमाप्रमाणे मिळायची ती अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही. सोव्हिएत मल्लाविरुद्ध लगेच उतरावं लागलं, कारण त्यांच्या बाजूने भांडायला कोणी भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. कांस्याचं रौप्य किंवा सुवर्ण झालं असतं का, हे सांगता येणार नाही. पण अडलं ते दंडातल्या ताकदीपाशी नाही, एवढं नक्की. त्यानंतरचं वैयक्तिक पदक भारताला मिळायला 1996 उजाडलं. मधल्या 44 वर्षांत देशात कष्टाळू खेळाडू नव्हते, असं मानायचं का?

आजच्या पोरांना हा मातीचा आणि मॅटचा फरक एमपीएससीने शिकवला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं 2022 मध्ये जाहीर झालं. पर्यायी उत्तरांच्या पद्धतीने वर्षानुवर्षं तयारी केलेल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पुण्यात आंदोलनं झाली आणि बदल 2025 पर्यंत पुढे ढकलला गेला. ज्याने हजारो प्रश्न सोडवून पर्याय ओळखण्यात हात बसवला होता, त्याला आता पानं भरून मुद्देसूद लिहायचं आहे. त्याची जुनी मेहनत पूर्ण वाया गेली असं नाही. पण कालपर्यंत न लागणारी एक फळी अचानक सगळ्यांत बुटकी झाली.

खाशाबांच्याच सातारा जिल्ह्यातली उलट बाजूची गोष्ट माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरची. लांब पल्ल्याची धावपटू, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग अव्वल. नंतर ती 3,000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळली. 2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2015 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचणारी ती पहिली भारतीय महिला. पाय तेच, दम तोच, शर्यत बदलली. आपली ताकद नेमकी कोणत्या शर्यतीत जास्त कामाला येते हे शोधणं, हेही कामच आहे. फक्त त्याला घाम येत नाही, म्हणून घरचे त्याला काम मानत नाहीत.

दहा हजार तासांचं काय झालं?

1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. सर्वांत चांगल्या वादकांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तास रियाज केला होता. पुढे त्याचं लोकांच्या तोंडी सूत्र झालं: दहा हजार तास घासा, उस्ताद व्हा. एरिक्सनला स्वतःला हे सूत्र मान्य नव्हतं. त्याच्या मते तासांपेक्षा रियाजाची जात महत्त्वाची. शिक्षकाने चूक दाखवायची, नेमक्या त्याच चुकीवर काम करायचं, जमलं की आणखी अवघड करायचं. तोच राग तसाच शंभरदा वाजवणं हा त्या अर्थाने सराव नाही.

2014 मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अशा 88 अभ्यासांची एकत्र पडताळणी केली. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग सरावातल्या फरकाने समजावता येतो, हे त्यांनी बघितलं. बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, मैदानी खेळांत 18, शिक्षणात 4, आणि नोकरी-व्यवसायात 1 टक्क्याहूनही कमी.

हे आकडे वाचताना एक घोळ हमखास होतो, म्हणून थांबतो. ‘शिक्षणात 4 टक्के’ याचा अर्थ अभ्यास केल्याने फक्त चार टक्के मार्क मिळतात असा नाही. सगळेच अभ्यास करणाऱ्यांची रांग लावली, तर त्यांच्यातला पुढे-मागेपणा अभ्यासाच्या कमी-जास्त तासांनी फारसा उलगडत नाही, एवढाच तो अर्थ. उरलेल्या फरकात बाकी सगळं येतं: घरचं वातावरण, शिक्षक, जन्मजात कल, तब्येत, शिवाय मोजमापातल्या चुकाही. एरिक्सनने या पडताळणीवर आक्षेपही घेतला. त्याचं म्हणणं, यांनी साध्या सरावालाही नेमका सराव धरलं. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोन्हीकडून निघते. खेळासारख्या ठरलेल्या नियमांच्या चौकटीत सराव जास्त बोलतो. धंदा-नोकरीत, जिथे रोज परिस्थिती बदलते आणि चूक झाली हे सांगायलाही कोणी नसतं, तिथे तो कमी बोलतो. एकाच खुर्चीवर वीस वर्षं बसून तीच चूक करणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

अमक्याचा पुतण्या

विटा, खानापूर, आटपाडी हा वर्षानुवर्षं दुष्काळी राहिलेला पट्टा. पाऊस नाही म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशभर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं, सराफाच्या दुकानातली झाडलोट जाळून त्यातलाही कण काढायचा. दक्षिणेतल्या किंवा बंगालमधल्या एखाद्या सराफ कट्ट्याच्या बोळात धुराने काळं झालेलं दुकान दिसलं, तर आत मराठी बोलून बघा. बहुतेक वेळा कोणीतरी आटपाडीची खबर विचारेल.

हे काम कष्टाचंच आहे, भट्टीपुढचं, आम्लाच्या वाफेतलं. पण नुसत्या कष्टावर या धंद्यात पाऊलसुद्धा ठेवता येत नाही. परमुलखात, परभाषेत, अनोळखी पोराच्या हातात कोणता सराफ सोनं देईल? पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, काम शिकतो. काही वर्षांनी तो स्वतःचं दुकान टाकतो तेव्हा बाजारात त्याची ओळख ‘अमक्याचा पुतण्या’ अशी असते. सराफ त्या नावाच्या भरवशावर सोनं सोडतो. शेजारच्या गावातला, तितकाच होतकरू, पण ज्याचा कोणीच तिकडे नाही असा पोरगा मात्र दुष्काळी कामावर खडी फोडत राहिला.

ओळखीचंही एक शास्त्र आहे. 1973 मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटत होता? सहापैकी जेमतेम एकाने ‘वरचेवर’ म्हटलं. बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. जिवलगांना साधारण तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी जरा लांबच्या माणसाकडून येते. मान खाली घालून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याचं इथे नुकसान होतं. वशिला लावणं वेगळं आणि चार माणसांत ऊठबस असणं वेगळं. आपल्याकडे पहिल्याच्या तिरस्कारापोटी दुसरंही टाकून देण्याची रीत आहे.

फ्लेक्सवर नसलेले

निकाल लागला की सांगलीच्या विश्रामबागेपासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. सत्कारात निवड झालेला मुलगा सांगतो, ‘मी रोज चौदा तास अभ्यास केला.’ खोटं बोलत नाही तो. पण त्याच अभ्यासिकेत चौदा तास बसून निवड न झालेल्यांचे सत्कार होत नाहीत, म्हणून चौदा तासांचा खरा भाव आपल्याला कळत नाही.

2023 च्या यूपीएससी नागरी सेवा परीक्षेला सुमारे 10 लाख 17 हजार अर्ज आले. प्रत्यक्ष परीक्षेला बसले साधारण 5 लाख 92 हजार. मुख्य परीक्षेपर्यंत गेले 14,624 आणि निवड झाली 1,016 जणांची. यातले बरेचसे हौशे-नवशे होते असं धरून दर दहांतल्या नऊ जणांना वगळलं आणि एकच मनापासून तयारी करणारा मानला, तरी प्रत्यक्ष बसलेल्यांत असे 59 हजार उरतात. हे सगळे सारखेच घासत असतील, तर घासण्याने त्यांच्यात फरक पडणार कसा? फरक मग बारीकसारीक गोष्टींनी पडतो. पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात एक प्रश्न 2 गुणांचा, चुकला तर 0.66 वजा. दोन पर्यायांत घुटमळून लावलेला एक अंदाज बरोबर आला की चुकला, यात 2.66 गुणांचं अंतर पडतं. कट-ऑफच्या आसपास तेवढ्या अंतरात किती पोरं दाटीवाटीने उभी असतात, हे ज्याने एकदा निकाल पाहिला आहे त्याला सांगायला नको. स्पर्धा जितकी तगडी आणि तयारी जितकी सारखी, तितका नशिबाचा वाटा मोठा होत जातो. सगळे कष्टाळू झाले, की कष्ट ही फक्त आत शिरण्याची फी उरते.

म्हणून ‘कष्ट कमी पडले’ हे वाक्य मला घरातलं सगळ्यांत आळशी वाक्य वाटतं. ते बोलायला काहीच बघावं लागत नाही. चार वर्षं अभ्यासिकेत काढलेल्या मुलाला किंवा मुलीला बघून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गुणपत्रक समोर ठेवून, कोणता पेपर प्रत्येक वेळी मागे खेचतो? लिहिलेलं उत्तर कोणा जाणत्याने तपासून दिलं आहे का, की स्वतःच लिहून स्वतःच वाचलं? पुण्याची खोली, मेस, अभ्यासिकेची फी यांचा खर्च आणखी किती काळ झेपेल? दोनदा थोडक्यात हुकलं असेल तर तो नशिबाचा भाग असू शकतो, आणखी एक प्रयत्न करण्यात शहाणपण आहे. चारदा पूर्व परीक्षेतच अडकलं असेल तर आणखी चार तास वाढवून भागणार नाही. पद्धत तरी बदलावी लागेल, नाहीतर शर्यत.

किती प्रयत्न करायचे, पैसे कुठून आणायचे आणि नाहीच झालं तर कोणत्या महिन्यात दुसऱ्या कामाला लागायचं, हे आई-वडिलांनी आणि पोराने एकत्र बसून आधीच ठरवावं. निकालाच्या दिवशी घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.